आधी बोलेल त्याचा नंबर

प्रिय ताई,

फोनवर तू विचारलंस की आपल्या खेळाचं नवीन एडिशन कसं आहे, आणि मी खेळायला जायचं का सोडलं. मी दोन्हीला 'हं' म्हटलं. तू वैतागलीस ते मला कळलं. मेसेज करणार होते, पण माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी तीन येऊन पडतात आणि माझं राहूनच जातं. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून पार्लरच्या सामानाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि खेळ सोडलेला नाही अजून. सोडायचा की नाही, तेच ठरत नव्हतं.

आधी खेळाचं सांगते. तू पाठवलेलं खोकं आलं तेव्हा वायरमनने ते त्याच्या दुकानावरच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना हात धुऊन यायला लावलं. तू गेल्यापासून गोष्ट तोच सांगतो, त्यामुळे नियमांचं पुस्तकही आपल्याच मालकीचं असल्यासारखा वागतो. ढोल्या म्हणाला, हात धुतो, पण आधी आरती कर म्हणजे झालं. पुस्तक देखणं आहे. कागद इतका गुळगुळीत की पहिल्याच दिवशी नर्सचा चहा सांडला आणि नुसता पुसला तर डागही राहिला नाही. चित्रं भारी आहेत, फक्त ड्रॅगन फार वाळलाय, आजारातून उठल्यासारखा दिसतो. फासे छान निळे आहेत, पण आकडे एवढे बारीक की नर्स प्रत्येक वेळी चष्मा कपाळावर चढवून फासा नाकाशी धरते.

नियम खूप कमी झालेत. चिलखताचा तो भलामोठा तक्ता आठवतो ना, जो वाचता वाचता ढोल्याला डुलकी लागायची? तो गेला. ढोल्याच्या योद्ध्याला आता मारण्याशिवाय दुसरंही काही येतं, दोर टाकता येतो, धमकावता येतं. नर्सची वैदीण तर फारच खूश आहे. तिचे मंत्र आता अर्ध्यात संपत नाहीत. ती म्हणते, वॉर्डात असं असतं तर काय हवं होतं. पूर्वी एक लढाई म्हणजे अख्खी दुपार जायची, आता चहा गार व्हायच्या आत संपते. पार्लरच्या आमच्या मालकीणबाईंनी परवा विचारलं, तुम्ही नक्की करता काय तिथे बसून. मी म्हटलं, एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांची एकेक पात्रं असतात, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं आणि फासा टाकून बघायचं जमलं का. त्या म्हणाल्या, म्हणजे भातुकलीच की. मी म्हटलं, यात राक्षस असतात. तर म्हणतात, भातुकलीतही असतात, लग्नानंतर कळतं.

तर खेळ चांगला आहे ताई. हे तुझं मन राखायला नाही लिहीत. फक्त एक नियम बदललाय. तू गोष्ट सांगायचीस तेव्हा लढाई लागली की सगळ्यांनी फासा टाकायचा, मोठा आकडा आधी, छोटा शेवटी, आणि तू तो क्रम पाटीवर लिहायचीस. मी कितीही गप्प असले तरी माझं नाव यायचंच, आणि सगळे माझ्याकडे बघत थांबायचे. मला घाम फुटायचा, पण थांबायचे. नवीन एडिशनमध्ये क्रमच नाही. जो आधी बोलेल त्याचा नंबर. पुस्तकात लिहिलंय, याने खेळ जिवंत वाटतो. वाटतो खरा. ढोल्या ओरडतो, नर्स त्याच्यावर ओरडते, मधेच वायरमनचा राक्षस ओरडतो. मी पहिला शब्द जुळवेपर्यंत राक्षस मेलेला असतो.

शाळेतही हेच होतं. ज्याचा हात आधी वर, त्याला उत्तर. मला उत्तर यायचं, हात यायचा नाही. आई अजून सगळ्यांना सांगते की हिला अभ्यासाची आवड नव्हती. मी पण तसंच सांगते, बरं पडतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही एका बंद दारापाशी आलो. कुलपं उघडणं हे माझ्या चोरटीचं काम, दुसऱ्या कुणाला येतच नाही. मला वाटलं आता तरी विचारतील. दारात सापळा असणार हे मला दिसत होतं, वायरमनने उंबऱ्याचं वर्णन जरा जास्तच लांबवलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ढोल्याने कुऱ्हाड घातली. छत कोसळलं, वैदीण दगडांखाली गेली, मरता मरता वाचली. नर्स वैतागून म्हणाली, अगं मुंगे, तू असताना असं कसं झालं. रागाने नाही म्हणाली, सहज म्हणाली. मी कप विसळायला म्हणून खाली गेले आणि तशीच घरी आले. पुढचे दोन रविवार माझं पोट दुखलं.

कुणाचा काही दोष नाही, हे मला पार्लरमध्ये कळलं. आमच्याकडे नंबर लिहीत नाहीत, बाकावर येऊन बसायचं. धीट बायका खुर्ची रिकामी झाली की सरळ उठून बसतात. कोपऱ्यातली बुजरी बाई तशीच राहते, दुपार जाते तिची. म्हणून आमच्या बाई दर वेळी खुर्ची झटकताना बाकाकडे बघून विचारतात, कोण राहिलंय. एवढंच. मग ती बाई नुसती मान वर करते आणि सगळ्यांना कळतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी वायरमनकडे गेले. तो शिडीवर होता, तोंडात टेस्टर धरलेला. ते बरं झालं, त्याला मधे बोलता येईना. मी शिडी धरली आणि त्याच्या चपलांकडे बघून सांगितलं की माझा नंबर लागत नाही. टेस्टर काढून तो म्हणाला, अगं मग बोलायचं ना. मी म्हटलं, तेच येत नाही, ते सोडून सगळं येतं. तो खाली उतरला, पायरीवर बसला. मी त्याला बाकाचं सांगितलं. सगळ्यांचं झालं की तू फक्त विचारायचं, कोण राहिलंय, आणि कुणी राहिलं असेल तर त्याचं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुला तो माहीत आहेच, पुस्तकातलं अक्षर हलवायचं म्हणजे त्याला वायर उलटी जोडल्यासारखं वाटतं. म्हणाला, मी एकट्याने कसं बदलू, टेबल सगळ्यांचं आहे, सगळ्यांसमोर मांड, मग ठरवू. या रविवारी नर्सची ड्युटी आहे, म्हणून पुढच्या रविवारी. ढोल्यासमोर बोलायचं म्हणजे ट्रकच्या हॉर्नपुढे शिट्टी. दुपारी दोन बायकांचे केस धुताना पाणी गार आहे की गरम, तेही विचारायचं विसरले मी.

हे पत्र लिहायचं कारण असं. तू म्हणालीस, वायरमननेच काहीतरी केलं असणार, ऑफिसचं या महिन्याचं काम उरकलं की त्याला फोन करते आणि त्याची खरडपट्टी काढते. करू नकोस. दुकानदाराने विचारलं की तू सांगायचीस, हिला निळा हवाय. डॉक्टरने विचारलं की तू सांगायचीस, हिचा घसा दुखतोय. घसा माझा दुखायचा आणि बोलायचीस तू, आणि मला ते सोपं पडायचं, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारी मी निघताना वायरमनने विचारलं, ताईने पाठवलं का तुला. मी नाही म्हटलं. ते खरं आहे, खरंच राहू दे. बोलता आलं तर तुला सांगेन. नाही आलं, तरी ते पण मीच सांगेन.

तुझीच,
मुंगी