बाबल तांडेलाची दोन घरं

रत्नागिरी,
ता. १२ फेब्रुवारी १९३३, रविवार

वडील बंधू लवूदादा यांस,

हरिश्चंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमची बोट कराचीहून परत आली असेल आणि मुंबईत तुम्ही उभयतां खुशाल असाल, असं धरून चालतो.

यंदा मोहोर उशिरा आला, पण बरा आहे. तुमच्या बंद घराची कौलं वाऱ्यानं सरकली होती, ती नीट बसवून घेतली. आमचे आप्पा कार्तिकात गेले तेव्हा कार्ड टाकलं होतं. उत्तर आलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ज्ञातिसभेचं वंशावळींचं पुस्तक छापायला गेलं आहे, हे तुमच्या कानांवर आलं असेल. आपल्या घराण्याचं पान माझ्याकडे होतं. त्यासाठी तीन वर्षं कचेरीतल्या जुन्या दप्तरात नाक खुपसून बसलो. भावकीत मोडी वाचणारा मी एकटाच, त्याचा ताठाही होता. घरी ही म्हणायची, मेलेल्यांची एवढी विचारपूस करता, जिवंतांची कधी करणार? ते बरोबरच होतं.

मी वेळ काढतो आहे हे तुम्ही ओळखलं असेलच. लिहितो.

आपल्याला लहानपणापासून सांगितलं ते असं, की बाबल तांडेलाची लग्नाची बायको गंगा, तिचा वंश आमचा. आणि ठेवलेली बाई मैना, तिचा वंश तुमचा. म्हणून शिमग्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घरचा, तुम्ही मागे. एकदा तुम्ही पुढे सरलात, तर आप्पांनी दंडाला धरून तुम्हांला मागे केलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

एकोणतीस सालच्या भाद्रपदात दप्तराचा एक रुमाल सोडला. त्या लाल फडक्यात शंभर वर्षांपूर्वीचा गावकीचा महजर निघाला. बाबल मेल्यावर पालखीच्या मानावरून तंटा झाला, तेव्हा गावानं देवळात बसून कोण कुणाचा हे लिहून घेतलं होतं. त्यात स्वच्छ आहे. गंगेचा मुलगा म्हणजे तुमचा पणजोबा, तेव्हा पाळण्यात. मैनेचा मुलगा म्हणजे आमचा पणजोबा, मिसरूड फुटलेला. मान पाळण्यातल्या पोराचा. ते जाणतं होईपर्यंत तेवढा मैनेच्या मुलानं खांदा द्यावा, असं ठरलं. पुढे तो मान आमच्या घरानं कधी परत केलाच नाही.

मी कागद तीनदा वाचला, रुमालात अगदी तळाशी घातला आणि गाठ मारली. मैनाबाईची लाज वाटली नाही, तिचा यात काय दोष? पालखी सोडायची भीती वाटली.

त्याच मार्गशीर्षात तुमच्या लेकीच्या, तुळसाच्या सोयरिकीसाठी लांज्याची माणसं आली होती. आप्पांनी मोडता घातला असं तुम्ही आजवर समजत आलात आणि म्हणून गाव सोडलंत. दादा, आप्पांना ती माणसं भेटलीसुद्धा नाहीत. ती कचेरीत माझ्याकडे आली. तुम्ही जुने कागद पाहता, म्हणाली, तर लवू तांडेलांचं घर लग्नाच्या बायकोचं की कसं? मी म्हटलं, "मला काही ठाऊक नाही."

मुलीच्या भावकीतला माणूस असं बोलला की विचारणारा काय समजतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी चहा घेतला आणि ती उठली. पुढे पुस्तकासाठी वंशावळ काढली, तिच्यातही तुमच्या घराकडे जाणारी रेघ मी तुटक ओढली, ठेवलेल्या बाईच्या वंशाला ओढतात तशी. आप्पांच्या धाकानं केलं म्हणावं, तर आप्पांना मी तो कागद कधी दाखवलाच नव्हता.

गेल्या रविवारी मोटारीनं राजापूरला गेलो. तुळसा त्या बिजवराच्या घरी तीन सावत्र मुलांचं करते आहे. प्रकृतीनं बरी आहे, हात मात्र फार राठ झालेत. ओटीवर बसून तिला सगळं सांगितलं, महजराची नक्कल पुढे केली. तिनं हात लावला नाही.

"काका, ह्यो कागद आता माज्या काय उपयोगाचा?" ती म्हणाली. "बाबांना लिवा. आनि पालखी उचलायच्या आदी सगळ्यांदेखत बोला. माज्याजवळ हळू बोलून काय होतंय?"

मग जेवून जा म्हणाली. तिला नको म्हणायचा मला हक्क नव्हता. जेवलो.

दुरुस्त केलेली वंशावळ काल ज्ञातिसभेला रजिस्टरनं धाडली. महजराची नक्कल या पत्रासोबत आहे. शिमग्याला चार आठवडे उरलेत. देवळापुढे गाव जमला की मी तो कागद मोठ्यानं वाचणार आहे, आणि लांज्याच्या माणसांना मी काय म्हटलं तेही सांगणार आहे. तुम्ही याल का, हे विचारायला मला तोंड नाही. आलात तर पहिला खांदा तुमचा. न आलात तर तिथे गावानं हवा तो माणूस उभा करावा, आमच्या घरातला कोणी उभा राहणार नाही.

वहिनींना नमस्कार सांगा असं लिहिणार होतो. नको. आधी त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

मैनाबाईचा खापरपणतू,
हरिश्चंद्र