पंपाचा आवाज ऐकून सांगणारा

मुलुंड पूर्व,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय भीमराज,

जय भीम. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट. आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुला जमायचं नाही, हे मी जाणून आहे. आम्ही मजेत. सुगंधाचा गुडघा आता बरा आहे. शांतावहिनींना नमस्कार.

दुकान झकास चाललंय. पंप दुरुस्तीसाठी पार ठाण्यापासून माणसं विचारतात, आणि ते तुझ्या माधुरीमुळे. लगेच चिडू नकोस, पुढे वाच. तिने बँकेची नोकरी सोडली, मी दुकानावरचा माळा तिला ऑफिससाठी दिला, आणि तू आम्हा दोघांशी बोलणं टाकलंस. पण त्या माळ्यावर तिने केलं काय, हे तुला कोणी धड सांगितलेलंच नाही.

तिने फोन लावून देणारी कंपनी काढलीय. त्यात नंबर फिरवावा लागत नाही. कॉल इंटरनेटवरून जातो. आपण फक्त कसला माणूस हवा ते सांगायचं. काम काय, भाषा कुठली, राहतो कुठे, आत्ता मोकळा आहे का. तसा जो असेल त्याचा फोन वाजतो. नंबर कोणाचा कोणाला दिसत नाही. मागे आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात म्हैस विताना अडली. गड्याने नुसतं म्हटलं, 'जनावरांचा डॉक्टर, जवळचा, आत्ता मोकळा.' गोरेगावच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. पारडू जगलं. ते कळल्यावर माधुरी माळ्याच्या शिडीवर बसून रडली. मी खालून पाहिलं, वर गेलो नाही.

यात स्वतःचं वर्णन ज्याचं त्याने लिहायचं असतं. मी लिहिलं, 'अनुभवी, प्रामाणिक, सर्व कामे केली जातील.' एक कॉल येईना.

"काका, हे वर्णन नाही, ही दुकानाची पाटी झाली," ती म्हणाली. "असं तर सगळेच लिहितात. तुम्हाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, असं लिहा ना."

"मला काय येतं गं असं?"

"तुम्ही गल्लीतून जाता जाता सांगता, कुठल्या बिल्डिंगचा पंप आजारी आहे."

मग तिनेच लिहिलं, 'पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो.' तेव्हापासून लोक फोन मोटरीला लावतात आणि मी इथे चहा पीत सांगतो, बेअरिंग गेलं की व्हॉल्व्ह. एका बाईने मिक्सर ऐकवला. दुसरीने नवऱ्याचं घोरणं. इतकी वर्षं या धंद्यात काढली यार, पण मला नक्की काय येतं ते तुझ्या पोरीने मला सांगितलं.

मंगळवारी एक कॉल आला. हिंदीत. 'भाईसाब, मोटर आवाज कर रही है, सुनो.' ऐकली. मोटर नव्यासारखी चालली होती. मी तसं सांगितलं, तरी गृहस्थ फोन ठेवेनात. 'ये फोनवाली कंपनी चलती है क्या? टिकेगी?'

पंपवाल्याला हे कोण विचारतं? बोलण्याआधी नाकातून 'हं' करणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्यात मागून बाईमाणूस कुजबुजलं, "ते राहू द्या हो, जेवते का वेळेवर ते विचारा." कॉल कट.

मी माधुरीला यातलं काही बोललो नाही. ते मी सांगून काय उपयोग?

येत्या रविवारी ती घाटकोपरला मोठ्या ऑफिसात जातेय. फीत मी कापावी म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. ती कात्री माझ्या हातची नाही रे.

तिचंही वर्णन त्यात आहे. शिक्षण नाही, कंपनी नाही. एवढंच, 'भीमराजची मुलगी, ट्रॉम्बेची. कधीही मोकळी.' या वर्णनाने अजून कोणी तिला शोधलेलं नाही. तुला ते चालवता येतं, हे आता मला कळलंय.

फक्त या वेळी मराठीत बोल.

तुझा, तुला 'हं'वरून ओळखणारा,
जयवंत

ता. क. वहिनींना सांग, जेवते. डबा वेळेवर येतो. पण जेवताना फोन ताटासमोर ठेवते.