बेरिलची नवी जोडीदारीण

स्किप्टन,
३ सप्टेंबर १९८४

चि. बेरिल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं चार पानी पत्र पोचलं. त्यात ॲव्हिसबाईंचं नाव इतक्यांदा आलंय, की पत्र त्यांचंच आहे की काय असं मला वाटलं. ॲव्हिसबाईंनी आल्याचा केक केला. ॲव्हिसबाईंना क्यू असलेले पण यू नसलेले सगळे शब्द तोंडपाठ. असोत बापड्या. शब्दकोश घोकणं म्हणजे खेळणं नव्हे. मीही परवा क्यूचं पान उघडून बसले होते, पण ते नवा चष्मा कसा लागतो हे बघायला.

मला खुपलं ते वेगळंच. समुद्रकाठी फिरताना तुम्ही दोघी म्हणे गाड्यांच्या नंबरप्लेटवरची तीन अक्षरं घेता आणि ती त्याच क्रमाने ज्यात येतील असा शब्द शोधता. एम, के, टी दिसलं की मार्केट. अगं, तो आपला खेळ. बाबांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आपण दोघींनी काढलेला. तो परक्या बाईला शिकवताना मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?

ऑक्टोबरात तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये आपण दर वर्षी खेळतो ती जोडीची शब्दस्पर्धा असेलच. गेल्या खेपेला तुझ्याकडची पाहुण्यांची गादी ओलसर लागली होती, तिला जरा ऊन दाखव.

लोभ आहेच, त्यात वाटेकरी नको.
तुझी
एनिडताई


ब्रिडलिंग्टन,
८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या खेळाला कुलूप कधी लावलं होतंस ते मला कळलंच नाही. ॲव्हिस इथे नवी आहे. नवरा गेल्यावर मुलाजवळ राहायला आली. पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा दोघींनाही बोलायचं काही सुचेना. समोर दूधवाल्याची गाडी उभी होती, म्हणून मी तिला अक्षरं दाखवली. तिने माझ्याआधी शब्द काढला आणि खुदकन हसली. त्यात माझं काय चुकलं?

आता रागावू नकोस. स्पर्धेला मी या वर्षी ॲव्हिसबरोबर नाव दिलंय. गेल्या वर्षी जाताना तूच म्हणालीस, की यॉर्कला गाडी बदलताना गुडघे बोलतात, पुढच्या वर्षी माझ्या भरवशावर राहू नकोस. ते मी खरं धरलं. पण तू ये, बघायला नक्की ये. गादी उन्हात टाकली आहे.

माया आहे तशी राहू दे, फक्त मूठ जरा सैल कर.
तुझी
बेरिल


स्किप्टन,
१२ सप्टेंबर

बेरिल,
आशीर्वाद आहेतच, आज वेगळे लिहीत नाही.

माझे गुडघे दर वर्षीच बोलतात. मी दर वर्षी म्हणते की आता जमायचं नाही, तू दर वर्षी म्हणतेस की ताई, तुझ्यावाचून कसं व्हायचं, आणि मग मी येते. ही आपली रीत. या वर्षी तू मनधरणी केली नाहीस आणि थेट दुसरी गाठलीस. वर म्हणे बघायला ये. आपल्या ताटात दुसरीला जेवताना बघायला कोणी गाडी बदलून जातं का?

इकडे बागेतल्या शेंगा संपत आल्या. बसथांब्यावर उभी राहिले की डोळे आपसूक नंबरप्लेटवर जातात. शब्द सापडतो, पण सांगायला कोणी नसतं. काल शेजारच्या क्लेगना सांगितला, तर त्यांनी विचारलं की बाई, गाडी घ्यायचा विचार आहे का.

मी जळते आहे असं तू म्हणशील. जळतेच आहे.

एनिड


ब्रिडलिंग्टन,
२० सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

काल ॲव्हिसने मला सांगितलं, की तू डिरेक्टरीतून तिच्या मुलाचा नंबर काढून तिला फोन केलास. बेरिल गोड आहे पण शब्दांत तिला गती नाही, जिंकायचं असेल तर माझ्याबरोबर खेळा, असं तिला म्हणालीस. तिने तुला नाही म्हटलं आणि मला सांगताना हसली. मला हसू आलं नाही. चहा तसाच टाकून घरी आले.

आता ऐकच. आपल्या जोडीत मी कधी खेळले? अक्षरांच्या सोंगट्या तुझ्यापुढे, शब्द तुझे, मी पेन्सिल घेऊन गुण मांडायचे. मी तोंड उघडलं की तू म्हणायचीस, थांब, मला विचार करू दे. जिंकलेला कप तुझ्या कपाटावर. ॲव्हिस अक्षरं माझ्याकडे सरकवते आणि गप्प बसून वाट बघते. मला वेळ लागतो, तरी बघते. जळायचंच म्हणशील तर मी फ्रॉकात होते तेव्हापासून तुझ्यावर जळत आले, फक्त बोलले नाही.

इतके दिवस मला वाटत होतं की ताईला मी हवी आहे. तुला कप हवा होता. तसं सांगायचंस.

बेरिल


स्किप्टन,
२४ सप्टेंबर

चि. बेरिल हिस,
अनेक आशीर्वाद.

कप नको होता. ॲव्हिसबाई माझ्याकडे आल्या असत्या तर तुला जोडीला कोणी उरलं नसतं, आणि मग तू मला विचारलं असतंस. फोन उचलताना माझ्या मनात इतकंच होतं. आता ते कागदावर वाचून माझी मलाच भीती वाटली.

तुझं गुण मांडण्याचं वाचून आधी संताप आला. तू खोटं बोलतेस हे दाखवायला तू खेळलेला एखादा शब्द आठवू लागले. सबंध दुपार बसले. एकही आठवला नाही.

मी येते, बघायला. कोपऱ्यातली खुर्ची दे, म्हणजे मला तुमची अक्षरं दिसणार नाहीत आणि माझं तोंड बंद राहील. तुझा शब्द लागला की टाळी वाजवीन. ॲव्हिसबाईंच्या शब्दाला वाजवणार नाही, तेवढं मात्र माझ्याकडे मागू नकोस.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझी
ताई