चार्जरचा पाव मैल

धुळे
ता. ९ डिसेंबर १९९३

ती. पितांबरभाऊ,
सुरतेत सगळी मंडळी खुशाल असतील, ही आशा. पुष्पाचा नमस्कार.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आई बरी आहे. थंडी छान पडली आहे. गेल्या आठवड्यात भटूकाकांच्या मळ्यात भरीत झालं. वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजली आणि सोबत कळण्याच्या भाकरी होत्या. सगळ्यांनी तुझी आठवण काढली.

गॅरेज चालू आहे. तू गेलास तेव्हा अभिमन नुकताच कामाला लागला होता, आता सगळं तोच बघतो. मी आग्रा रोडवर मोटार शिकवण्याची शाळा काढली आहे, फक्त बायकांसाठी. आई तुला हे लिहिते की नाही, कोण जाणे. सिव्हिलमधल्या दोन नर्सा शिकून गेल्या. सध्या एक वकीलबाई येतात. त्या कोर्टात कुणाला घाबरत नाहीत, पण समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेतात.

आणि रविवारी आम्ही चार्जर, आपली ती अमेरिकन गाडी, शेडबाहेर काढली.

ताडपत्री ओढली तर आत मांजरीची पिल्लं. अभिमनने कार्बोरेटर साफ केला, ट्रकची बॅटरी जोडली. पहिल्यांदा नुसती खोकली. मग आठही सिलिंडर एकदम धरले आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. आई ओट्यावरून ओरडली, "बठ्ठं गाव गोळा करशात का?" गाव खरंच गोळा झालं.

तो अमेरिकन इंजिनियर आठवतो का रे, जाताना ही गाडी नानांच्या गळ्यात घालून गेलेला? डाव्या बाजूला स्टेअरिंग, दोनच दारं, पुढे एवढं लांब बॉनेट की त्यावर दोन माणसं झोपतील. त्याने खुणा करकरून सांगितलं होतं, तिकडे अशा दोन गाड्या शेजारी उभ्या करतात आणि पाव मैल सोडतात. वळण नाही, काही नाही. नाना म्हणाले होते, "नुसतं सरळ पयानं? मंग स्टेअरिंग कसाले लायेल शे?" सरळच पळायचं तर स्टेअरिंग कशाला लावलं, हे ऐकून तू हसून हसून खाली बसला होतास.

दोन वर्षं तुम्ही दोघं त्या इंजिनाखाली होतात. मी चहा घेऊन यायचे आणि तिथेच रमायचे. गिअर कसे पडतात ते तू मला शिकवलंस, पाना कसा धरायचा ते नानांनी. रोज संध्याकाळी आईची हाक यायची, स्वयंपाकाला ये म्हणून. आपण तिघंही बहिरे व्हायचो.

मग ब्याऐंशीची ती शर्यत. गावाबाहेरच्या धावपट्टीवर इंदूरच्या शेटचा मुलगा लाल मस्टँग घेऊन आला होता. गाडी तूच चालवणार होतास. पण सरावात तू पाय दाबलास की मागची चाकं जागेवरच फिरायची, रबराचा धूर निघायचा आणि गाडी तिथल्या तिथे. मी क्लच सोडला की ती निघायची. शर्यतीच्या सकाळी तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस. "पुष्पे, तुझा पाय हलका आहे. तू बस."

नानांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "बठ पोरी."

रुमाल खाली पडला. मस्टँग धूर सोडत पुढे गेली. मला फक्त खिडकीशी बोललेलं तुझं वाक्य ऐकू येत होतं, "घाई करू नको, तिला निघू दे." दुसऱ्या गिअरला ती लाल गाडी शेजारी आली, तिसऱ्याला मागे गेली. पाठ सीटला चिकटली होती. मी हसत होते की रडत होते, आजही सांगता येणार नाही. थांबायचं भान उशिरा आलं, पट्टी संपवून मी गवतात शिरले. तू पळत आलास आणि मला उचलून बॉनेटवर उभं केलंस. एवढी माणसं टाळ्या वाजवत होती.

त्या माणसांत माझ्या होणाऱ्या सासरचे, भडगावचे लोकही होते.

भाऊ, इथवर मजेत लिहिलं. आता खरं कारण लिहिते.

रविवारी गाडी काढली ती नानांसाठी. गणपतीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आईने तुला कळवलं नाही. तू घाबरून येशील आणि मला पाहून परत जाशील, असं तिला वाटलं. नाना डाव्या हाताने सारखं शेडकडे दाखवत होते. अभिमनने त्यांना उचलून माझ्या शेजारी बसवलं. मी सावकाश धावपट्टीपर्यंत नेलं. तिथे त्यांनी हात हलवला, चल चल म्हणून. मग मी सोडली. नाना तोंड उघडून हसत होते. आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घरी आल्यावर आई तुझ्या जाण्याविषयी माझ्याशी बोलली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. भडगावकरांनी साखरपुड्याची साडी परत पाठवली, त्या आठवड्यात तू घर सोडलंस. "मी तिला गाडीवर बसवलं, तिचं वाटोळं माझ्या हातून झालं, तिला तोंड कसं दाखवू," असं तू आईला म्हणालास. मला हे माहीतच नव्हतं रे! तुझ्या पोस्टकार्डांत माझं नाव नसायचं. मी समजले, माझ्यामुळे घराण्याची अब्रू गेली म्हणून तू रागावलास. त्या रागात मीही लिहिलं नाही.

आता ऐक. तू गेल्यावर वना, तो नवरा मुलगा, एकटाच गॅरेजवर आला होता. भला माणूस. म्हणाला, "आमच्या आबांना मी समजावतो. तुम्ही फक्त एवढं म्हणा, पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही." नाना माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "असं मला म्हणता येणार नाही." त्याने मान हलवली, नानांच्या पाया पडला आणि गेला. लग्न तिथे मोडलं, भाऊ. मी मोडलं. आणि त्या रात्री मी पोटभर जेवले.

कधी एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सकाळी एखादी बाई पहिल्यांदा गाडी हलवते, आणि माझ्याकडे बघते ना, तेव्हा वाटतं की आपलं बरं चाललं आहे.

नाना अभिमनच्या खांद्यावर हात ठेवतात आणि "पि... पि..." करतात. तो बिचारा "हा नाना" म्हणतो. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका केव्हाही येईल. तू ये. वहिनीला, मुलांना घेऊन ये. मी समोर असेन, तेव्हा मान खाली घालू नकोस.

तुझ्यामुळे जिचं काहीच वाईट झालं नाही,
ती तुझी बहीण,
पुष्पा