गडमुडशिंगीवरून जाणारं विमान

कोल्हापूर, मंगळवार, २२ जानेवारी १९७४

खडकांतला किरणोत्सर्ग मोजणारं आमचं विमान परवा परत गेलं. आज जमिनीवरची मोजणी करायला मी एकटाच यंत्र घेऊन गडमुडशिंगीला गेलो. तिथं हजराबी नावाच्या बाईंनी ओट्यावर बसवून चहा दिला.

"पावणं, त्या इमानात तुमी हुता व्हय? मी रोज हात करायची. दिसायची का न्हाय?"

"दिसायचात की!" मी म्हणालो.

केवढ्या खूश झाल्या! शेजारणीला ओरडून सांगितलं.

खोटं का बोललो मी? विमानात माझं तोंड कायम यंत्राच्या काट्याकडे, खिडकी पाठीमागे. कोल्हापुरात आपलं कुणी नाही म्हणून लॉजवर रोज कुढत बसायचो. आणि रोज कुणीतरी मला हात करत होतं.