होडीला आवतन

श्रावण शुद्ध द्वादशी, शके १७८६

पोचलो एकदाचा नवखारला. अमरावतीहून अकरा दिवस — बैलगाडी, आगगाडी, खाडीवरची तर, आणि मग गुडघाभर चिखल. पंचवीस झोपड्या, एक विहीर, अकरा होड्या, माणसांहून मांजरं जास्त. पावसाळाभर होड्या झावळ्यांखाली पालथ्या. पुढं समुद्र. एवढी सपाट जागा आणि पेरणी नाही — जीव हळहळला.

धाकटा भाऊ पुंजाराम दोन वर्षांमागं कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईला गेला तो इथंच राहिला. माणिक नावाच्या कोळिणीशी पाट लावला म्हणे. पहिला नवरा तिला एक होडी ठेवून वारला. आईनं मला धाडलं ते एवढ्यासाठीच — पोळ्याच्या आत पुंज्याले नांदगावले घेऊन ये. म्हणजे एकट्याले. हे काय सांगा लागते?

त्रयोदशी

सांगायचं राहिलं. जेवत होतो.

नारळी पौर्णिमा

सगळं गाव नटून किनाऱ्यावर. समुद्राला नारळ दिला, मगच होड्या पाण्यात. परवानगी मागून धंदा करणारी माणसं मी अमरावतीच्या कापूसबाजारात तरी पाहिली नाहीत. तिकडं तिसऱ्याच मुलखात लढाई लागली, तिथला कापूस अडला, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि दोन एकरवालाही बैलाला रेशमी झूल घालू लागला. मीही घातली. माझी जांभळी होती.

होडीचं शीड बोटांनी ओढून पाहिलं — सवयच ती, वीस वर्षं कापूस पारखतो आहे. धागा आखूड. माणिकची आई पार्बताबाई म्हणाली, "पावनं, शीड हाय ते, लुगडं नाय. काय खेचताव?"

वद्य पंचमी

आज पुंजारामला गाठलं. खाडीच्या कडेला, खारफुटीत, मांडीपर्यंत गाळात. वऱ्हाडातला नांगऱ्या खेकडे धरून राहिला होता.

"चाल घरी. आईनं बोलावलं."

"येतो ना. माणिकले विचारतो."

"तिचं काय काम? तू एकटाच."

पुंजारामनं खेकडा टोपलीत टाकला. "मंग तिले तूच सांग, भाऊ. मले नाई जमत."

सगळ्या बाजारात माझ्या जिभेचा दरारा आहे. तीन वेळा तिच्या अंगणात गेलो. तिन्ही वेळा मासे खाऊन आलो.

वद्य नवमी

तीच बोलली. मी तिचा भासरा, थोरला दीर, तरी डोक्यावर पदर नाही, आवाज असा की पल्याडच्या होडीवर ऐकू जावा. "दादा, तुमी यांना न्यायला आलाव ना? मंग बोला की. रोज कालवन वरपता नि गप बसता."

मी म्हणालो, मीठ जरा जास्त झालं. काय हा पुरुषार्थ!

वद्य एकादशी

आता पोळ्याच्या आत घर गाठणं होत नाही. रस्त्यांना दोष देईन.

वद्य चतुर्दशी

उद्या पोळा. गावी आज पळसाच्या पानानं बैलांचे खांदे तूपहळदीनं मळत असतील. पुंजाराम सकाळपासून दिसला नाही. दुपारी पाहतो तर किनाऱ्यावर माणिकच्या होडीच्या नाकाला तूपहळद चोळून राहिला! पळसाचं पान मिळालं नाही म्हणून करंजाचं घेतलं. पोरीबाळी खिदळत होत्या. मीही दोन टोमणे मारले — शिंगं कुठाय, वेसण कुठाय.

तो वळला. डोळे भरलेले. "भाऊ, वर्षभर हे मले बैलावानी ओढते. आता आवतन दे. घरातल्या मोठ्यानंच द्या लागते."

मग हसवेना. होडीवर हात ठेवला आणि बापाच्या वेळेपासून बैलांना म्हणतो तसंच म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पार्बताबाई पुढं झाली. "कुटं जेवायला?"

"आमच्या घरी. नांदगावले. दुसरं कुठं?" तोंडातून निघूनच गेलं.

"होडी माझे लेकीची. होडी काय चालत यायची नाय. मालकीन येल."

सगळा किनारा हसला. आवतन देऊन ताट न वाढणाऱ्याच्या बैलाला आमच्याकडे कोणी पाणीही पाजत नाही. माणिक म्हणाली, "दादा, नको असंल तर आताच सांगा. अर्ध्या वाटंत नको."

मी म्हणालो, "सुकट जास्तीची घे. वाट लांब आहे."

भाद्रपद शुद्ध चतुर्थी

निघालो. तिघं. होडी पार्बताबाईच्या हवाली. वाटभर आईसमोर करायचं भाषण रचतो आहे. आगगाडीच्या डब्यात सुकटीच्या वासानं आम्हाला ऐसपैस जागा मिळाली.

भाद्रपद वद्य प्रतिपदा, नांदगाव

आईनं भाषण ऐकलंच नाही. माणिकला हाताला धरून आत नेलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "दोन साल झाले, मी वाट पाहून राहिली सुनेची. एकट्याले आण, असं कोण म्हणलं होतं तुले?"

कोणीच नाही. मीच.