पाळणाघराचं कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
कुलूप! पाळणाघराला कुलूप! नेहमीसारखी पोरं सांभाळायला पावणेसातला गेले तर अकरा पोरं पायरीवर, आणि आया रडकुंडीला आलेल्या. सातला पहिली पाळी. सातपूरला कंपनीचं गेट कुणासाठी थांबत नाही.

नईमला फोन लावला. आमच्या फाउंडेशनचं नाशिकचं सगळं हाच बघतो. म्हणे, पुढच्या सोमवारी नेपाळच्या पाहुण्या येणार, नवीन फरशी, नवीन रंग, तोवर पोरांनी घाण करायला नको. पाळणाघरात पोरं नकोत! डोक्यात भुसा भरलाय का ह्याच्या?

मंगळवार, ४
विहाराच्या ओट्यावर चटया टाकल्या. ऊन सरकलं की सगळी पोरं सरकवायची. उज्वला म्हणाली, बाळाला उघड्यावर ठेवणार नाही. आज तिचा दुसरा खाडा.

नईम येऊन गेला. आत दोन्ही देशांचे झेंडे लावायला कुलूप उघडलं, परत लावलं, किल्ली खिशात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही मेल्याने.

गुरुवार, ६
सनी ओट्यावरून पडला. हनुवटीला तीन टाके. दवाखान्यात मीच धरून बसले होते त्याला.

तशीच नईमकडे गेले, वाट्टेल ते बोलले. मान खाली घालून म्हणतो, "ताई, चार दिवस काढा कसेतरी." कसेतरी! धड भांडत पण नाही. किळस येते मला असल्या माणसांची.

शनिवार, ८
उज्वलाचं काम गेलं. पाच खाडे झाले म्हणून ठेकेदाराने दुसरी बाई लावली.

सोमवार, १०
झाला एकदाचा सोहळा. औक्षण, फेटे, भाषणं. इथे एक पाळणाघर, नेपाळात एक, दोन्हीकडच्या बायांनी एकमेकींकडून शिकायचं – फाउंडेशनच्या मुंबईच्या मॅडम अर्धा तास हेच बोलल्या. पोरं साडेदहाला आत घेतली. खेळण्यांना हात लावायचा नाही, प्लास्टिक काढायचं नाही.

पाहुण्यांतली मनमाया तिकडचं पाळणाघर चालवते. तिने सनीचे टाके बघितले. मग खोलीभर नजर फिरवली, कोपऱ्यात जाऊन वास घेतला, नुसता रंगाचा, आणि सरळ मलाच विचारलं, "बच्चे रहते कहाँ हैं?"

सांगितलं सगळं. ओटा, टाके, आठवडाभराचं कुलूप. कुणी लावलं, विचारलं तिने. मॅडम नईमच्या शेजारीच उभ्या होत्या. मी नईमकडे बोट दाखवलं. बरं वाटलं! खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

गुरुवार, १३
किल्ली आता माझ्याकडे, कायमची. नईमला काढलं. पेढे वाटावेसे वाटले.

बुधवार, १९
ऑफिसातून पाळणाघराची फाईल आली. त्यात मॅडमचं पत्र – आठ दिवस बंद ठेवा. खाली नईमने लिहून पाठवलेलं, मुलं कुठे बसवायची? दोनदा पाठवलंय. दुसऱ्यांदा उत्तर आलं, जमत नसेल तर पाळणाघर दुसऱ्या शहराला देऊ.

म्हणजे हे सगळं त्याला माहीत होतं, आणि त्या दिवशी तो गप्प उभा राहिला. मी आज जेवले नाही.

सोमवार, ३ मार्च
पटावर नवीन नाव घातलं. रिदा, वय दीड. आईला आजपासून सातची पाळी, बाप काम शोधत मनमाडपर्यंत जातो. सोडायला नईमच आला होता. "ताई, ती फार रडत नाही," म्हणाला, आणि पोर माझ्या हातात दिली.